बाबांचा कॉम्प्युटर

बेंगळुरू, २६ सप्टेंबर २०२५

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार.

काल फोनवर कॉम्प्युटरचा विषय निघाला तेव्हा बाबा "तुला योग्य वाटेल तसं कर" एवढंच म्हणाले आणि फोन आईच्या हातात दिला. तेव्हापासून मला चैन नाही.

बाबा, गणपतीत आले होते तेव्हा दुपारी तुमचा डोळा लागला होता आणि मी तुमच्या कॉम्प्युटरवर तुमच्या नावाने मायक्रोसॉफ्टचं खातं उघडलं. विचारलं नाही. विचारलं असतं तर "चाललंय ना नीट, कशाला हात लावतेस" म्हणाला असतात, म्हणून टाळलं. चुकलंच माझं. वस्तू तुमची आहे.

पण का केलं ते ऐका. १४ ऑक्टोबरला, म्हणजे दिवाळीच्या आदल्या मंगळवारी, विंडोज १० चे सुरक्षा अपडेट थांबतायत. खातं उघडून, सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवून नाव नोंदवलं की ते १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत पैसे न भरता मिळतात. १५ तारखेला काही कॉम्प्युटर बंद पडणार नव्हता. फक्त नवी भोकं सापडली असती तर ती बुजवायला कोणी आलं नसतं. पेन्शनचं खातं तुम्ही त्याच्यावरच बघता, नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याची धावपळ असते. एक्सपी २०१४ ला थांबलं तरी आपण ते पुढे दोन वर्षं वापरलं. ताईच्या लग्नाच्या फोटोंचं पुन्हा काढत नाही.

चौकातला मुलगा आठशे रुपयांत विंडोज ११ घालून देतो म्हणतोय ना, त्याला नको म्हणून सांगा. त्याचा हेतू वाईट नाही. पण तुमचा प्रोसेसर सातव्या पिढीचा आहे आणि विंडोज ११ इंटेलचे साधारण आठव्या पिढीपासूनचे घेतं. आडमार्गाने बसवता येतं, पण अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ज्याच्यासाठी बदलायचं तेच मिळणार नसेल तर काय उपयोग? विंडोजऐवजी लिनक्स मिंट घालायचाही आठवडाभर विचार केला. फुकट आहे, जुन्या मशीनवर छान पळतं. मग तुमची वंशावळ आठवली, आजोबांच्या वहीवरून श्रीलिपीत टाइप केलेली. श्रीलिपी हे मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर विंडोजवरचं. तो फॉन्ट नसेल तर सगळी पानं इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसतात. तो विचार सोडला.

तर ठरवलंय असं: दिवाळीला येताना नवा छोटा सीपीयू घेऊन येते, विंडोज ११ असलेला. हो, ऑर्डर केलाय. वर्ष हातात आहे हे खरं, पण मला चार दिवस सलग तुमच्याशेजारी बसून सगळं लावून द्यायला दिवाळीतच मिळतात. पैशांचा विषय काढू नका. मी दहावीत असताना पतसंस्थेचं कर्ज काढून तुम्ही पहिला कॉम्प्युटर आणलात. माउस हलता हलेना तेव्हा माझ्या हातावर हात ठेवून बसला होतात. आईने त्याच्यावर विणलेलं झाकण अजून माझ्याकडे आहे.

बाकी काही बदलणार नाही. स्क्रीन तीच, कीबोर्ड तोच, अक्षरं पुसलेला. तुमची बोटं रेमिंग्टनवर, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या कळफलकावर बसलीयत, ती सोय मी वेगळी घालून देईन, नवा कळफलक शिकायला लावणार नाही. अकरामध्ये स्टार्टचं बटण मधोमध येतं, ते डावीकडे नेता येतं, तसं नेईन. मोतीबिंदूनंतर तुम्हाला बरी वाटतात तेवढी मोठी अक्षरं. मागे कासच्या फुलांचाच फोटो. आई, तुझी कीर्तनं होती त्याच जागी असतील, पिवळ्या फोल्डरमध्ये. आणि जुना सीपीयू मी कुठेही देणार नाही. टेबलाखालीच राहील, फक्त इंटरनेटची वायर काढून. बाबा, वाटेल तेव्हा उघडा.

आता थोडं ऐकायचं. "तुमचं विंडोज बंद होणार" असा फोन आला तर ठेवून द्यायचा. मायक्रोसॉफ्टवाले असा आपणहून फोन करत नाहीत. कोणाच्या सांगण्यावरून एनीडेस्क (त्याने दुसऱ्याला लांबून आपला कॉम्प्युटर चालवता येतो) घालायचं नाही, ओटीपी कोणालाही सांगायचा नाही, मामांनाही नाही. डोळ्यांचे थेंब दोन्ही वेळा. एका बैठकीत तासभर पुरे. आई, माळ्यावरचं काही काढायला स्टुलावर चढू नकोस, गुडघ्याची आठवण ठेव. रागावते आहे असं समजू नका. लांब असलं की असंच होतं.

बाबा, नको वाटत असेल तर स्पष्ट सांगा. ऑर्डर रद्द करता येते, मी खरंच करेन. वर्षभर आहे तेच चालेल. मनात ठेवून "बरं" म्हणू नका फक्त.

बुधवारी खंडेनवमी. मॉनिटरला झेंडूची माळ घालाल तेव्हा यंदा त्या जुन्या सीपीयूलाही हळदकुंकू लावा, आणि मला फोटो पाठवा.

तुमची
मनी