एदिर्नेच्या साबणवाल्या काकांस

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार. या पत्राचा जर्मन तर्जुमा तुमच्या दुकानाच्या पत्त्यावर वेगळा पाठवीनच, पण हे आभार आधी माझ्या भाषेत मानल्याशिवाय माझे मन निवणार नाही.

माझ्या आईने साताऱ्यात बत्तीस वर्षे इतिहास शिकवला. ‘१४५३ साली तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकले’ हे वाक्य तिने दरवर्षी फळ्यावर लिहिले. ज्या नगरातून ती फौज निघाली, जिथे ती अजस्र तोफ ओतली गेली आणि जिथे सुलतान दुसरा मेहमेद १४३२ साली जन्मला, ते तुर्कस्तानातले एदिर्ने एकदा तरी पाहावे, ही तिची जुनी इच्छा होती. योग आला तो दोन्ही गुडघ्यांनी असहकार पुकारल्यावर.

ज्या सहल कंपनीला आम्ही सगळे पैसे आगाऊ भरले होते, तिने ज्येष्ठांच्या विशेष काळजीचे छापील आश्वासन दिले होते. प्रत्यक्षात सेलिमिये मशिदीसमोर गाडी थांबताच त्यांच्या मार्गदर्शकाने घड्याळाकडे पाहत सांगितले, की आजींना गाडीतच बसू द्या, चाळीस मिनिटांत निघायचे आहे. आई काही बोलली नाही. तिने फक्त चष्मा काढून पर्समध्ये ठेवला. ते पाहिले आणि मी तिला खाली उतरवून त्या सहलीला तिथेच रामराम ठोकला.

मशिदीलगतच्या आरास्ता बाजारात तुमच्या दुकानापाशी आई भिंतीला टेकली होती. समोर टोपल्यांत सफरचंदे, पेअर, द्राक्षे, सगळी साबणाची. ‘मेय्वे साबुनू’, तुम्ही म्हणालात, आणि आई त्या दिवशी पहिल्यांदा हसली: “अगं, मेवा आणि साबण! हे तर आपलेच शब्द.” तुम्ही तरुणपणी जर्मनीतल्या कारखान्यात काम केलेले, मी सध्या तिथेच नोकरी करते, त्यामुळे उरलेले संभाषण आपण दोघांच्या मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये भागवले. मग भाच्याला गल्ल्यावर बसवून, कोपऱ्यातले घडीचे स्टूल काखेत मारून तुम्ही निघालात, जणू तुमचेच काही काम बाहेर निघाले होते.

काका, मला आभार मानायचे आहेत ते त्या स्टुलाचे. दमलेल्या माणसाला बसायला देणारे पुष्कळ असतात. पण ते बहुधा वाटेतून बाजूला, कोपऱ्यात बसवतात. तुम्ही मात्र दर वेळी दोन पावले मागे-पुढे होऊन, मान वर करून, नजरेचा कोन तपासून मगच स्टूल मांडत होता. सेलिमियेत तुम्ही ते अशा ठिकाणी ठेवलेत, की आठ खांबांवर तोललेला तो एकतीस मीटरहून रुंद घुमट आईला मान न अवघडता पुरता दिसावा. १५६८ ते १५७५ या काळात ही मशीद उभी राहिली तेव्हा तिचा वास्तुकार मिमार सिनान ऐंशीच्या घरात होता, हे तुम्ही सांगितलेत, आणि आईने आपल्या गुडघ्यांकडे जरा रागाने पाहिले. मग तुम्ही स्टूल उचलून घुमटाखालच्या, अजान देणाऱ्या मुअज्जिनांच्या चौथऱ्याजवळ नेलेत. तिथल्या संगमरवरी खांबावर, अगदी खाली, एक लहानसे उलटे ट्यूलिप कोरलेले आहे. मशिदीसाठी जागा विकायला कुरकुरणाऱ्या बागमालकाच्या हट्टाची ती खूण, अशी दंतकथा आहे. उभ्याने फिरणाऱ्यांना ते शोधत वाकावे लागत होते. आईच्या मात्र ते थेट डोळ्यांसमोर आले. तिने पर्स उघडून चष्मा काढला.

उरलेला दिवस तिचाच होता. एस्की जामी या जुन्या मशिदीच्या भिंतींवरली पुरुषभर उंचीची अक्षरे तिने बसून न्याहाळली. उच शेरेफेली मशिदीच्या एका मिनारात तीन सज्जांना तीन वेगळे जिने आहेत, हे ऐकून ‘बांधणाऱ्यांचे डोके ठिकाणावर होते’ असा शेरा दिला. तळलेल्या कलेजीचे तुमच्या गावाचे प्रसिद्ध ताट शाकाहारी बाईला चालणार नाही, हे कळताच तुम्ही बादेम एझ्मेसी आणवलीत, म्हणजे आमच्या बदामवडीची सख्खी बहीणच.

सर्वांत जास्त वेळ आपण तुन्जा नदीकाठच्या, १४८८ साली पुऱ्या झालेल्या सुलतान दुसऱ्या बायेझिदच्या रुग्णालयात काढला. मनाने आजारलेल्यांना तिथे संगीत आणि पाण्याचा आवाज ऐकवत. आठवड्यातून तीनदा वादक येत, असे प्रवासी एव्लिया चेलेबीने सतराव्या शतकात नोंदवले आहे. कारंज्याजवळ स्टूल मांडून तुम्ही दूर जाऊन उभे राहिलात आणि आम्हाला काही म्हणजे काहीच सांगितले नाहीत. पैसे घेऊन माहितीचे पाठांतर ऐकवणाऱ्यांना ही गोष्ट कोण शिकवणार, कोण जाणे! सौजन्य म्हणजे समोरच्याची गैरसोय त्याला न जाणवू देता दूर करणे, असे आई वर्गात सांगत असे. मला ते तेव्हा पुस्तकी वाटायचे.

संध्याकाळी बसस्थानकावर इस्तंबूलची गाडी यायला वेळ होता. तुम्ही सवयीने स्टूल उघडलेत, आणि त्याच वेळी तुमचा हात नकळत स्वतःच्या उजव्या गुडघ्यावर गेला. दिवसभरात माझ्या ते लक्षात आले नव्हते. आईच्या आले असावे. ती कठड्याला धरून उभी राहिली, स्टुलाकडे बोट दाखवले आणि वर्गातल्या आवाजात शुद्ध मराठीत म्हणाली, “आता तुम्ही बसा.” तुम्ही एक शब्दही न कळता मुकाट्याने बसलात.

तुमची ऋणी,
साताऱ्याच्या बाईंची मुलगी