रिकाम्या खोलीतला पंखा

उन्हाळा लागला की वीजबिल वाचवण्याचे सल्ले सुरू होतात आणि सगळा रोख एसीवर असतो. छताच्या पंख्याकडे कुणी मान वर करून बघत नाही. मुळात पंखा खोली गार करतच नाही. तो हवा हलवतो, त्या वाऱ्याने अंगावरचा घाम सुकतो आणि आपल्याला गार वाटते. खोलीत माणूस नसेल तर पंखा नुसती वीज खातो. उलट मोटारीची थोडी उष्णता खोलीत सोडतो. तरीही ‘येईपर्यंत खोली गार होईल’ म्हणून तो चालू ठेवून जाणारे आमच्याच घरात आहेत.

जुन्या पद्धतीचा पंखा पूर्ण वेगात साधारण ७५ वॅट घेतो, बीएलडीसी म्हणजे कमी वीज खाणाऱ्या ब्रशविरहित मोटारीचा ३० ते ३५. रोज १२ तास धरले तर एका पंख्यामागे जवळजवळ अर्धा युनिट वाचतो. एसी असलाच तर २६ अंशांवर ठेवून सोबत पंखा लावावा. १८ वर लावून दुलई ओढून झोपण्यात काय हशील?

मध्यंतरी आमचा पंखा इतका मंदावला की मोडीत काढायचे ठरले होते. स्टुलावर चढून पाहिले, तर पात्यांच्या कडांवर काळ्या धुळीचा चिकट थर. तो पुसला, कमजोर झालेला कपॅसिटर बदलून घेतला, आणि पंखा पुन्हा भिरभिरू लागला. पुसण्याआधी मेन स्विच बंद करून जुन्या उशीचा अभ्रा पात्यावर चढवावा आणि ओढून घ्यावा. धूळ अभ्र्यातच राहते, डोळ्यांत जात नाही.

– एक वाचक