रतीब शिकवणाऱ्या मामांना

आदरणीय मामा,

साष्टांग नमस्कार.

समोर बसून बोलायला लागलो की तुम्ही "असू दे, चहा घे" म्हणून विषय बदलता, म्हणून लिहितो आहे. आणि सगळ्यांसमोर लिहितो आहे, कारण दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या आणखी कुणाच्या तरी हे कामी येईल.

लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या २०१६ सालीच मी पाण्याच्या फिल्टरांच्या दुरुस्तीचं दुकान टाकलं. उन्हाळ्यात फोन थांबायचा नाही. पावसाळा लागला की चिटपाखरू फिरकायचं नाही, भाडं मात्र बाराही महिने. तिसऱ्या पावसाळ्यात गाळा सोडायचं मनात आलं, ते मी तुमच्यापाशी बोललो. तुम्ही गाडीवरून दुधाचे कॅन उतरवत होता. म्हणालात, "मला कुणी फोन करून दूध मागवतं का?"

त्या संध्याकाळी तुम्ही रतिबाची वही उघडून दाखवलीत. एकेका घराचं एकेक पान, रोजचं माप, खाड्यांच्या फुल्या, महिनाअखेरीची बेरीज. पुढच्या महिन्यात घरात किती पैसे येणार हे तुम्हाला आजच ठाऊक होतं. मी मशीन बंद पडायची वाट बघत बसायचो.

मग मी मशीनच्या देखभालीचा वर्षाचा करार सुरू केला, १८०० रुपयांत सगळं. मेम्ब्रेनसुद्धा, म्हणजे पाण्यातले क्षार अडवणारा आतला पडदा, त्यातच. पहिल्याच वर्षी अंगाशी आलं. बोअरचं पाणी जड, दोन-तीन वर्षं चालायची ती मेम्ब्रेन काही घरांत वर्षाच्या आतच गेली. तेव्हा तुम्ही विचारलंत, "गाईचं आणि म्हशीचं दूध मी एका भावानं घालतो का?" तेव्हापासून आधी टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजतो. पिण्याच्या पाण्यात लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत टीडीएस चांगला, असं भारतीय मानक सांगतं. आमच्याकडच्या बोअरांना ते कुठलं जमायचं! नळाच्या पाण्याचा दर वेगळा, बोअरचा वेगळा, मेम्ब्रेन कराराच्या बाहेर. हे आधीच स्वच्छ सांगितलं की गिऱ्हाईक कुरकुरत नाही.

तुमचं सगळ्यात मोठं शिकवणं पैशाबद्दलचं. आगाऊ हातात आलं म्हणून ते आपलं होत नाही, वर्षभर फेडायचं असतं, असं तुम्ही म्हणालात. कराराचे पैसे मी आता वेगळ्या खात्यात ठेवतो आणि दर महिन्याला त्यातला बारावा हिस्साच दुकानाच्या खात्यात घेतो. पहिल्या दिवाळीला ते पैसे खर्चून बसलो असतो, तर फाल्गुनात फिल्टरच्या कँडल (गाळणाऱ्या नळ्या) आणायला उसनवारी करावी लागली असती.

कामही सरकलं. ठरलेल्या फेऱ्या मी आषाढ-श्रावणात लावतो, त्यामुळे उन्हाळ्यात अडलेल्या घरी लगेच पोचता येतं. महिन्याला पैसे देणाऱ्यांना यूपीआय ऑटोपे लावून दिलं आहे, म्हणजे दर महिन्याला पैसे खात्यातून आपोआप कापले जातात. पैसे कापायच्या आधी त्यांना निरोप जातो, नको असेल तर थांबवता येतं. न विचारता कुणाच्या खिशात हात घालायचा नाही, हे तुमच्याच दारात शिकलो.

आणि खाडा! एका आजी लेकीच्या बाळंतपणाला दोन महिने बाहेर होत्या. करारात असं काही लिहिलेलं नव्हतं, पण तुमच्या वहीतल्या फुल्या आठवल्या आणि मी त्यांची मुदत दोन महिन्यांनी पुढे नेली. त्यांनी वरच्या मजल्यावरची तीन घरं जोडून दिली. त्यासाठी केलं नव्हतं, मामा. पण तुम्ही तीस वर्षं एकाच गल्लीत दूध कसं घातलंत, ते त्या दिवशी कळलं.

माझी पहिली अकरा घरं तुमच्याच रतिबाची. पहाटे दूध घालताना तुम्ही प्रत्येक दारात "पोरगं नीट काम करतं" एवढंच सांगितलंत. स्वतःची पत पणाला लावून दिलेला तो शब्द मी कधी खाली पडू दिला नाही, देणारही नाही. यंदाच्या पावसाळ्यात गाळ्याचं भाडं एकदाही थकलं नाही.

तुमच्या घरच्या मशीनची कँडल या महिन्यात बदलायची आहे. रविवारी सकाळी येतो, फोन करू नका.

तुमचा,
फिल्टरवाला