टी.सी. 'पालकांच्या विनंतीवरून'

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

निकाल लागले की इंदूरच्या शाळांतून काही स्वमग्न, अतिचंचल किंवा लिहिण्या-वाचण्यात अडणाऱ्या मुलांचे टी.सी. निघतात. कारणाच्या रकान्यात 'पालकांच्या विनंतीवरून' असं असतं. विनंतीचा मजकूर मात्र शाळेनेच सांगितलेला असतो.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 16 नुसार आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. 2019च्या दुरुस्तीने पाचवी-आठवीत नापास करण्याची मुभा दिली, काढण्याची नाही. या संरक्षणासाठी अपंगत्वाचं प्रमाणपत्रही लागत नाही.

'वर्गात सांभाळणं अशक्य' असं ठरवण्याआधी शिक्षकांनी दहा दिवस एक वही ठेवावी. तीन रकाने: आधी काय घडलं, मुलाने काय केलं, नंतर आपण काय केलं. 'नेहमीच त्रास देतो' अशी नोंद निरुपयोगी. '12.10, श्रुतलेखन सुरू, वही फेकली, घरी फोन केला' ही नोंद कामाची. अशा चार ओळी जमल्या की दिसतं, मुलाला वर्ग नकोसा नाही, श्रुतलेखन झेपत नाही. आणि घरी पाठवलं की श्रुतलेखन टळतं, म्हणजे वही फेकायला आपणच शिकवतो! मग दहा शब्दांऐवजी चार द्या, फळ्यावरचं उतरवायला लावण्याऐवजी छापील कागद द्या, तास बदलण्याआधी दोन मिनिटं सांगा. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही.

ही वही बहुधा तिसऱ्या दिवशी बंद पडते, कारण बाई एकट्या आणि वर्ग भरलेला. प्राचार्यांनी तेवढ्या तासाला दुसरं माणूस द्यायलाच हवं. विशेष शिक्षकांबाबत केंद्र सरकारने 2022मध्ये प्राथमिकला अशा दहा मुलांमागे एक आणि पुढे पंधरांमागे एक हे प्रमाण ठरवलं आहे.

पालकांनी तयार अर्जावर सही करू नये. 'कारण लेखी द्या' असं पत्र देऊन पोच घ्यावी. 'आत्ता घेऊन जा' असा फोन येईल तेव्हा तारीख-वेळ टिपून ठेवावी, कारण हजेरीपटावर तो दिवस पूर्ण दिसतो. दाद जिल्हा शिक्षणाधिकाऱ्यांकडे, नंतर भोपाळला निःशक्तजन आयुक्तांकडे मागता येते. अर्धा दिवस शाळा ठरलीच, तर ती कोणत्या तारखेपर्यंत हे कागदावर घ्यावं.

काही विशेष शिक्षक, इंदूर