घरातल्या घरात माइल्स द्यायला पैसे कशाला?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

तिकिटांचे वाढलेले दर, लेट झालेली विमानं, हरवलेल्या बॅगा यावर पेपरात नेहमी वाचायला मिळतं, पण फ्रीक्वेंट फ्लायर माइल्स, म्हणजे विमानाने गेलं की कंपनी जे पॉइंट्स देते आणि जे साठवून फुकट तिकीट काढता येतं ते, आणि त्यातही घरच्या माणसांनी एकमेकांना माइल्स द्यायचे म्हटलं की काय काय आडवं येतं यावर कोणी फारसं लिहीत नाही, म्हणून हे पत्र. विषय किरकोळ वाटेल कदाचित, पण ज्या घरातली तीन-चार माणसं अधूनमधून विमानाने जातात त्या जवळजवळ प्रत्येक घरात हे घडतं आणि बहुतेकांना ते कळतच नाही.

होतं काय, तर माइल्स मिळतात ज्याच्या नावाचं तिकीट आहे त्याला, पैसे कोणी भरले याचा काही संबंध नाही. सगळ्यांची तिकिटं आईने काढली तरी माइल्स मात्र नवऱ्याच्या, मुलांच्या, सासूबाईंच्या वेगवेगळ्या अकाउंटला जाऊन पडतात, प्रत्येकाकडे थोडे थोडे, आणि फुकट तिकीट जिथून सुरू होतं त्या आकड्यापर्यंत एकाचंही अकाउंट पोचत नाही. सगळ्यांचे एकत्र धरले तर एक तिकीट आरामात निघालं असतं. वेगळे ठेवले तर कोणालाच काही नाही. त्यात मुदत असतेच, सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायर प्रोग्रॅमचे माइल्स ३६ महिन्यांनी जातात, अमेरिकन एअरलाइन्समध्ये साधारण २४ महिने अकाउंटवर काहीच हालचाल नसली की जातात, ऑस्ट्रेलियाच्या क्वांटासमध्ये १८ महिने. अमेरिकेतल्या डेल्टा आणि युनायटेडने मुदत काढून टाकली ते चांगलं केलं. पण जिथे मुदत आहे तिथे कोणाचे माइल्स बुडतात ते बघा, जो महिन्यातून चार वेळा उडतो त्याचे कधीच बुडत नाहीत, बुडतात ते वर्षा-दोन वर्षांतून एकदा मुलांना भेटायला जाणाऱ्या आजीआजोबांचे आणि शाळेतल्या पोरांचे.

मग माणूस म्हणतो ठीक आहे, ट्रान्सफर करू. आणि इथे खरा त्रास सुरू होतो. डेल्टाचा दर कित्येक वर्षं एका माइलला १ सेंट आणि वर ३० डॉलर प्रोसेसिंग फी असा राहिला आहे, म्हणजे नवऱ्याने बायकोला १०,००० माइल्स द्यायचे तर १३० डॉलर मोजायचे, आणि त्या १०,००० माइल्सचं तिकीट घेतलं तर त्याची किंमतसुद्धा साधारण तेवढीच भरते, मग दिलं काय आणि मिळालं काय? एका खिशातले पैसे दुसऱ्या खिशात टाकायला कोणी त्या पैशांएवढीच फी लावली तर आपण ऐकून घेऊ का? कॉम्प्युटरवर एक आकडा इकडून तिकडे करायला एवढा खर्च येत नाही हे कोणालाही कळतं, ही फी लोकांनी ट्रान्सफर करूच नये म्हणून आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

कारण ज्यांना करायचं आहे त्यांनी हे फुकट करून दाखवलंय. अमेरिकेतल्या जेटब्लूमध्ये ७ जणांपर्यंत पॉइंट्स एकत्र ठेवता येतात. युनायटेडने २०२४ मध्ये ५ जणांचा पूल, म्हणजे माइल्सचं एकत्र खातं, सुरू केला. एमिरेट्समध्ये ८ जणांचं फॅमिली अकाउंट करता येतं आणि प्रत्येकाने आपले किती टक्के माइल्स त्यात टाकायचे ते ठरवता येतं, अगदी शंभर टक्केसुद्धा. एअर कॅनडाच्या एरोप्लॅनमध्ये पण ८ जण, लुफ्थान्झाच्या माइल्स अँड मोअरमध्ये २ मोठे आणि ५ मुलं. यातल्या कोणाचं यामुळे दिवाळं निघालेलं नाही.

पण पूल आहे म्हणून सगळं छान असंही नाही, कारण कुटुंब कोणाला म्हणायचं हे कंपनी ठरवते. ब्रिटिश एअरवेजच्या हाउसहोल्ड अकाउंटमध्ये सगळ्यांचा पत्ता एकच लागतो. आता शिकायला बाहेर गेलेला मुलगा, लग्न होऊन वेगळी राहणारी मुलगी, गावी राहणारे आईवडील यांचा पत्ता एक कसा असेल? आणि विमानाने जायची गरज तर वेगवेगळ्या ठिकाणी राहणाऱ्यांनाच जास्त पडते, एकाच छपराखाली राहणाऱ्यांना एकमेकांकडे जायला विमान लागत नाही. शिवाय तिथे तिकीट काढलं की सगळ्यांच्या अकाउंटमधून ज्याचे जितके त्या प्रमाणात एव्हिओस (त्यांच्याकडच्या माइल्सचं नाव) कापले जातात, म्हणजे बाबाच्या कामाच्या ट्रिपसाठी पोराचे पण थोडे जातात, हे अकाउंट उघडताना किती जणांच्या लक्षात येतं मला शंका आहे. मला क्वांटासची पद्धत जास्त पटते, तिथे पत्त्यापेक्षा नातं बघतात, एका वेळी कमीत कमी ५,००० पॉइंट्स द्यावे लागतात, वर्षाला वरची मर्यादा आहे आणि फी नाही. कोरियन एअरमध्ये तर आजीआजोबा, नातवंडं, सासूसासरे, जावई, सून हे सगळे कुटुंबात धरतात, नात्याचे कागद दाखवा आणि नोंदवून घ्या. माझ्या मते हेच बरोबर आहे, नातं एकदा सिद्ध केलं की पुढे कोणी कुठे राहतो याच्याशी कंपनीला काय करायचंय.

कंपन्यांचं म्हणणं असतं की ट्रान्सफर मोकळं केलं तर दलाल माइल्सचा बाजार मांडतील. ही भीती खोटी नाही, माइल्स विकत घेऊन दुसऱ्यांना तिकिटं विकणारे दलाल आहेतच आणि त्यांना अडवायलाच हवं. पण त्यावर उपाय नात्याची नोंदणी आणि वर्षाची मर्यादा हा आहे, आणि तो वर सांगितलेल्या कंपन्यांनी वापरलाय. फी लावल्याने दलाल थांबत नाही, तो ती फी पुढच्या गिऱ्हाइकावर टाकतो, अडकतो तो घरचा माणूस.

आणि मला सगळ्यात जास्त राग येतो तो या गोष्टीचा. नियम वाचलेत तर बहुतेक ठिकाणी लिहिलेलं असतं की माइल्स ही सदस्याची मालमत्ता नाही, म्हणून ते कोणाला द्यायचे किंवा मागे ठेवून जायचे हा तुमचा हक्क नाही. बरं. मग २०२० मध्ये कोविडमुळे विमानं जमिनीवर बसली तेव्हा युनायटेडने आपला माइलेजप्लस प्रोग्रॅमच तारण ठेवून अब्जावधी डॉलरचं कर्ज उभं केलं आणि त्या वेळी त्या प्रोग्रॅमची किंमत जवळपास २२ अब्ज डॉलर सांगितली गेली, डेल्टाने आपल्या स्कायमाइल्स प्रोग्रॅमवर ९ अब्ज उभे केले, पुढच्या वर्षी अमेरिकनने आपल्या अॅडव्हांटेजवर १० अब्ज. म्हणजे कंपनीने बँकेत जायचं असेल तेव्हा हे अब्जावधींचं धन, आणि मुलीने आईला द्यायचं म्हटलं की यात तुमचं काही नाही. १९८१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने आपला प्रोग्रॅम सुरू केला तेव्हा नुसतं गिऱ्हाईक टिकवायची युक्ती असेल, आज तो वेगळा धंदा आहे, बँका क्रेडिट कार्डांसाठी या कंपन्यांकडून माइल्स रोख पैसे देऊन घेतात. त्या माइल्सचे पैसे शेवटी आपणच तिकिटातून आणि कार्डातून भरलेले असतात ना.

कोर्टात जावं तर तिथेही फार हाताला लागत नाही. अमेरिकेत नॉर्थवेस्ट या विमान कंपनीने २००८ मध्ये एका प्रवाशाचं सदस्यत्व रद्द केलं, तो फार तक्रारी करतो म्हणून, ते प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि २०१४ मध्ये निकाल कंपनीच्या बाजूने लागला. म्हणून लिहून दिलेल्या नियमांनाच महत्त्व आहे, आणि ते नियम बदलायचा अधिकार बहुतेक कंपन्यांनी स्वतःकडे ठेवलेला असतो.

आमच्या घरात हे सासऱ्यांच्या मागे कळलं. आयुष्यभर कामानिमित्त फिरलेला माणूस, निवृत्त झाल्यावर सासूबाईंना घेऊन फिरायचं म्हणून माइल्स जपून ठेवलेले, ते गेले आणि त्या विमान कंपनीने कळवलं की सदस्याच्या मृत्यूबरोबर माइल्स संपतात. सासूबाईंना माइल्सचं काही वाटलं नाही, त्यांना वाईट वाटलं ते त्या ईमेलच्या भाषेचं, दोन ओळी होत्या, त्यातही सहानुभूतीचा शब्द नाही. काही कंपन्या मृत्यूचा दाखला आणि वारसाचे कागद बघून माइल्स वारसाच्या नावावर करून देतात, पण तेही त्यांच्या मर्जीवर. ते माइल्स आधीच पूलमध्ये असते तर निदान प्रश्न तरी आला नसता.

म्हणून वाचकांना सांगावंसं वाटतं की फी भरून ट्रान्सफर करायच्या आधी एक बघा, बहुतेक ठिकाणी आपल्या अकाउंटमधून दुसऱ्याच्या नावाचं तिकीट काढता येतं, त्याला ट्रान्सफर लागतच नाही. आईला पाठवायचं आहे ना, मग तुमच्याच माइल्समधून आईचं तिकीट काढा. क्रिसफ्लायरमध्ये त्यासाठी आधी नावं नोंदवावी लागतात, ५ जणांपर्यंत, तर ती वेळेत नोंदवा. ट्रान्सफर खरंच लागतं ते दोघांचे अर्धे अर्धे माइल्स एकत्र करायचे असतील तेव्हाच. पूल करणार असाल तर माइल्स वापरायचा अधिकार सगळ्यांना आहे की फक्त प्रमुखाला, आणि उद्या कोणी बाहेर पडला तर त्याचे माइल्स परत मिळतात का, एवढं आधी वाचा, घटस्फोट किंवा भांडण झालं की हाच मुद्दा निघतो. आणि घरच्यांकडून आलेल्या माइल्सने सहसा गोल्ड-सिल्व्हर स्टेटस, म्हणजे जास्त उडणाऱ्यांना कंपनी देते तो वरचा दर्जा, मिळत नाही, ते स्वतः उडूनच मिळवावं लागतं, तेव्हा त्या आशेवर ट्रान्सफर करू नका.

सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या वाहतूक खात्याने अमेरिकन, डेल्टा, साउथवेस्ट आणि युनायटेड या चार कंपन्यांकडे त्यांच्या रिवॉर्ड प्रोग्रॅमबद्दल माहिती मागितली, पॉइंट्सची घटणारी किंमत आणि वरून लावलेल्या फी हे मुद्दे त्यात होते. अशी विचारणा प्रत्येक देशाच्या विमान नियामकाने करावी आणि तीन गोष्टी नियमात आणाव्यात, नोंदवलेल्या नातेवाइकांमध्ये ट्रान्सफर फुकट, कुटुंबाची व्याख्या पत्त्यावर नाही तर नात्यावर, आणि सदस्य गेल्यावर त्याचे माइल्स वारसाला ठराविक मुदतीत मिळालेच पाहिजेत. आपल्या पेपराने हा विषय लावून धरावा अशी मनापासून विनंती.

आपली,
एक नियमित वाचक