टिळकवाडीच्या काकांना, एका फॉरवर्डच्या बहिणीकडून

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

तुमचे आभार मानायला घेतले की तुम्ही "चहा टाकू का?" म्हणून विषय बदलता. काकूही हसून आत निघून जातात. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय. बेळगाव, खानापूर, निपाणीकडचे कितीतरी आई-वडील रोज संध्याकाळी मुलांना घेऊन स्केटिंगच्या रिंकच्या कट्ट्यावर बसतात. तुम्ही आमच्यासाठी काय केलंत हे त्यांनाही कळू दे.

आपल्या बेळगावात चाकांवरचं स्केटिंग नवीन नाही. हॉकी तर त्याहून जुनी. १९६४ साली टोकियोत सुवर्ण जिंकलेल्या संघात बेळगावचे बंडू पाटील होते, आणि त्याच संघाचे गोलकीपर शंकर लक्ष्मण आपल्या मराठा लाइट इन्फंट्रीचे. माझा धाकटा भाऊ हे दोन्ही ऐकत वाढला, आणि इनलाइन स्केट्सवर (एका ओळीत चाकं असलेल्या) स्टिक घेऊन फॉरवर्ड, म्हणजे पुढे राहून गोल मारणारा, म्हणून खेळायला लागला. मग मोबाइलवर त्याला कॅनडातल्या आइस हॉकीच्या मॅचेस सापडल्या. दहावीचं वर्ष, आणि घरात दुसरं बोलणं नाही. "ताई, मला बर्फावरचा फॉरवर्ड व्हायचंय." बर्फ आमच्याकडे लग्नाच्या मांडवातल्या लाद्यांपलीकडे कुणी पाहिलेला नाही, तरी त्याला हसावंसं मला एकदाही वाटलं नाही. तो मनापासून बोलत होता.

त्याच दिवसांत एका एजंटाची गाठ पडली. गुळगुळीत कागदावरचं माहितीपत्रक, वर बर्फाचा फोटो. एक वर्ष परदेशी अकॅडमी, दुसऱ्या वर्षी ज्युनियर लीग, तिसऱ्या वर्षी थेट प्रोफेशनल करार. आकडा लाखांतला होता. बाबांनी आयुष्यभर वडगावात माग चालवले. मुलासाठी म्हणून त्यांनी खानापूरकडची वडिलोपार्जित जमीन विकायचं जवळजवळ पक्कं केलं. गिऱ्हाईकही बघून गेलं होतं.

तुम्हाला आम्ही फक्त रिंकवर बघायचो. कठड्याला टेकून उभे, गळ्यात मफलर. तुम्ही उद्यमबागेतल्या कारखान्यात लेथवर घडलात, मग कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात कितीतरी वर्षं मशीन शॉपमध्ये नोकरी केलीत आणि शनिवार-रविवारी तिथल्या पोरांच्या मॅचेसना घड्याळ सांभाळायला बसायचात, हे आम्हाला नंतर कळलं. त्या संध्याकाळी मी सहज तुमच्यासमोर माहितीपत्रक धरलं. तुम्ही चष्मा वर करून ते दोनदा वाचलंत आणि एवढंच विचारलंत, "बाबा घरी कधी असतात?"

काका, तुम्ही त्याच रात्री आलात. माग बंद झाले होते, आई भाकरी थापत होती. भिंतीवरची जुनी दिनदर्शिका काढून तिच्या पाठीवर तुम्ही बॉलपेनने एक शिडी काढलीत. ते पान मी अजून जपून ठेवलंय.

सगळ्यात खाली लिहिलंत, वय ४ ते ५. कॅनडातली मुलं त्या वयात बर्फावर उभी राहतात. वरची पायरी १४-१५, जिथे वेस्टर्न हॉकी लीग ह्या ज्युनियर लीगचे क्लब मुलं हेरून निवडतात. मग १६ ते २०, मेजर ज्युनियर: लांबलांबचे बसप्रवास, दुसऱ्याच्या घरी राहणं, शाळा सांभाळून खेळ. परदेशी मुलांसाठी तिथे संघागणिक मोजक्याच जागा. त्यावर १८ व्या वर्षीचा एनएचएलचा, म्हणजे आइस हॉकीच्या सगळ्यात वरच्या लीगचा, ड्राफ्ट: संघ आळीपाळीने नवी मुलं निवडतात. सात फेऱ्या, ३२ संघ, म्हणजे अख्ख्या जगातून वर्षाला २२४ नावं. निवड झाली तरी बहुतेक जण आधी अमेरिकन हॉकी लीगमध्ये जातात, म्हणजे एनएचएलच्या एक पायरी खाली. काही त्याखालच्या ईसीएचएलमध्ये, काही स्वीडन, फिनलंड, जर्मनीच्या लीगमध्ये. पुष्कळ जण तिथेच आपलं सगळं खेळून घेतात, आणि तेही प्रोफेशनलच, त्यात कमीपणा काही नाही, असं तुम्ही बाबांना दोनदा सांगितलंत. मग माहितीपत्रक शिडीशेजारी ठेवून विचारलंत, "आता सांगा, सोळाव्या वर्षी पहिल्यांदा बर्फ बघणारा पोरगा एका वर्षात ह्यातल्या कुठल्या पायरीवर चढणार?"

बाबा गप्प झाले. धाकट्याचा चेहरा पडला. कुणी दुसरा असता तर तिथेच उठला असता, कारण जमीन तर वाचली होती. तुम्ही उठला नाहीत. आईला म्हणालात, "वैनी, जरा चहा करा, पोराशी बोलायचंय."

मग तुम्ही त्याला तीन फॉरवर्डची गोष्ट सांगितलीत. रॉबिन बावा, व्हँकुव्हर बेटावरच्या डंकन गावचा, १९८९ मध्ये एनएचएलमध्ये उतरलेला पहिला भारतीय वंशाचा खेळाडू. मॅनी मल्होत्रा, १९९८ च्या ड्राफ्टमध्ये सातव्या क्रमांकावर निवडला गेलेला सेंटर. त्याने ९९१ सामने काढले ते मुख्यतः फेस-ऑफ (खेळ सुरू करताना दोघांत होणारी पकची झटापट) जिंकून आणि बचावाला मागे धावून. मार्च २०११ मध्ये पक, म्हणजे खेळायची रबरी चकती, डोळ्यावर बसला. शस्त्रक्रिया झाली, मोसम संपला असं सगळे धरून चालले होते, आणि तो त्याच वर्षी स्टॅन्ली कपच्या, म्हणजे एनएचएलच्या विजेतेपदाच्या, फायनलला परत बर्फावर आला. आणि तिसरा अर्शदीप बेन्स, ब्रिटिश कोलंबियातल्या सरे शहरचा. ड्राफ्टमध्ये त्याचं नाव कुणीच घेतलं नाही. तो रेड डिअरच्या ज्युनियर संघात शेवटच्या वर्षापर्यंत राबला, २०२१-२२ च्या मोसमात ११२ गुण (स्वतःचे गोल आणि गोलला दिलेले पास मिळून) घेऊन अख्ख्या वेस्टर्न लीगमध्ये पहिला आला, आणि त्याच मोसमात व्हँकुव्हरच्या एनएचएल संघाने त्याला करार दिला. तुम्ही हे सांगत होतात तेव्हा तो अजून वरच्या संघात एकही मॅच खेळला नव्हता. "होईल की नाही ठाऊक नाही, पण मी त्याच्यावर लक्ष ठेवून आहे," म्हणालात.

"मग ह्याचं काय?" बाबांनी विचारलं. तुम्ही सरळ सांगितलंत की एनएचएलची वाट ह्याच्यासाठी जवळजवळ बंद आहे, आणि जो कुणी उघडी आहे म्हणेल त्याला दारात उभं करू नका. पण आपल्या देशातही बर्फावर हॉकी आहे. भारत १९८९ पासून आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाचा सदस्य आहे, पुरुषांचा संघ २००९ पासून आशियाई स्पर्धा खेळतोय. लडाखची पोरं तळी गोठली की खेळतात. लष्कराचे आणि आयटीबीपीचे (भारत-तिबेट सीमा पोलिसांचे) संघ आहेत, खेळाडूंना तिथे नोकरी मिळते. "पगार घेऊन खेळतो तो प्रोफेशनल. त्या हिशेबाने वाट आहे. अरुंद आहे, पण आहे."

खोटी आशा दाखवणारे भेटतात, आशा मोडणारेही भेटतात. पोराला खरं सांगून वर त्याच्याबरोबर चालायला लागणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला.

पुढचं तर सगळ्या अनगोळ-टिळकवाडीने बघितलंय. इनलाइन हॉकीत ब्लू लाइन, म्हणजे समोरच्या संघाच्या हद्दीची निळी रेघ, नसते, ऑफसाइड नसतो, गोलकीपर सोडून चारच जण खेळतात. बर्फावर पाच, आणि ब्लू लाइनच्या आत पक जाण्याआधी फॉरवर्ड शिरला तर खेळ थांबतो. ही सवय अंगात मुरावी म्हणून तुम्ही अंगणातल्या फरशीवर कपड्यांची नीळ कालवून आडवी रेघ मारलीत. धाकटा धावत यायचा, रेघेवर पाय तिरपा करून क्षणभर रेंगाळायचा, तुम्ही पक ढकललात की मगच आत. "पक आधी, मग तू. घाई करालास बघ!" हे वाक्य आमच्या आईलाही पाठ झालंय. काकूंनी ती निळी रेघ पुसली नाही, पाऊस पडला की तुम्ही परत मारायचात.

मग स्टॉपवॉच. पंचेचाळीस सेकंद जीव तोडून, शिट्टी, बाहेर. विसावा, परत आत. आइस हॉकीत फॉरवर्ड सलग खेळतच नाही, शिफ्टमध्ये खेळतो, हे आम्हाला कुठे ठाऊक होतं? आणि प्रत्येक शिफ्टच्या शेवटी स्वतःच्या गोलकडे पूर्ण वेगाने परत. त्याला गोल मारायला आवडायचं, परत यायला नाही. तुम्ही गोल मोजायचं सोडून दिलंत. वहीत फक्त परत आल्याच्या खुणा. तो आधी चिडला, मग त्याच खुणांसाठी धावायला लागला. माझ्या मते त्याच्यातला खेळाडू तिथे घडला.

एक गोष्ट मला मुद्दाम सांगायची आहे. लेहच्या शिबिरासाठी जुने आइस स्केट्स मिळाले, पण ब्लेड बोथट. आपल्याकडे ती धार कोण लावणार? चाकू-कात्रीसारखी ती घासून चालत नाही. जेमतेम तीन मिलिमीटर जाडीच्या पात्याला खालून पन्हाळीसारखी खाच पाडायची, म्हणजे आतली आणि बाहेरची अशा दोन कडा उभ्या राहतात. तुम्ही उद्यमबागेतल्या तुमच्या जुन्या मित्राच्या शॉपमध्ये आम्हाला घेऊन गेलात. ग्राइंडिंगच्या चाकाला हिऱ्याच्या टोकाने अर्ध्या इंचाच्या त्रिज्येची गोलाई दिलीत, ब्लेड शिकंज्यात धरलंत, आणि हलक्या हाताने टाचेपासून टोकापर्यंत सरळ पास. ठिणग्या कमी उडाल्या पाहिजेत म्हणालात, पातं तापलं की पाणी उतरतं, म्हणजे पोलादाचा कडकपणा जातो. शेवटी ब्लेडवर एक छोटी पट्टी आडवी ठेवून ती गुण्यात आहे का ते डोळा बारीक करून पाहिलंत, म्हणजे दोन्ही कडा सारख्या. शॉपमधले कामगार मशीन थांबवून बघत होते. एकाने कन्नडमध्ये विचारलं की हे कशासाठी, आणि तुम्ही त्याला कन्नडमध्येच आइस हॉकी समजावून दिलीत. त्या माणसाने पुढे धाकट्यासाठी पॅडचे तुटलेले बक्कल फुकट करून दिले. त्याचेही आभार.

जानेवारीत लेह. साडेतीन हजार मीटर उंची, पहिले दिवस नुसतं झोपून राहायचं, हे तुम्ही लिहून दिलं होतं आणि त्याने ते पाळलं. चाकांवर आडवं थांबणं अवघड, बर्फावर तेच सगळ्यात आधी लागतं. फोनवर तो ओरडत होता, "ताई, दोन्ही टाचा एकदम फिरवल्या आणि बर्फाचा भुगा गुडघ्यापर्यंत उडाला! थांबलो मी!" तिथली बारा वर्षांची पोरं त्याला मागे टाकत होती, तेही त्याने आनंदाने सांगितलं. शिबिराच्या शेवटी प्रशिक्षक त्याला म्हणाले, वेग कमी आहे, पण हा परत येतो. काका, ते वाक्य तुमचं आहे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये बेन्स व्हँकुव्हरकडून एनएचएलमध्ये उतरला तेव्हा सकाळी सकाळी तुमचा फोन आला होता, आठवतं? बाबांनी माग थांबवून ऐकलं. पुढच्या वर्षी व्हँकुव्हरच्याच खालच्या संघाने, ॲबॉट्सफर्डने, अमेरिकन लीगचा काल्डर कप जिंकला. त्या संघात बेन्स, आणि कोच मॅनी मल्होत्रा! तुमच्या त्या पानावरचे दोघे एकाच फोटोत. आणि त्याच २०२५ च्या उन्हाळ्यात आपल्या मुलींनी आशिया कपमध्ये कांस्य आणलं, भारताच्या महिला संघाचं त्या स्पर्धेतलं पहिलं पदक, बहुतेक मुली लडाखच्या. तेव्हा तुम्ही पेढे घेऊन आलात. पदक आमच्या घरचं नव्हतं, पण आईने देवापुढे ठेवले.

आता धाकटा उत्तरेतल्या एका रिंकवर लहान मुलांच्या बॅचेस घेतो आणि संध्याकाळी त्यांच्या संघात उजव्या विंगवर खेळतो. पगार मोठा नाही. पण पहिल्या पगारातून त्याने आईला शहापुरी साडी घेतली, आणि दलांमधल्या खेळाडूंच्या भरतीची तयारीही चालू आहे. ती होईल न होईल. खानापूरच्या जमिनीत यंदा भात चांगला आलाय. तुमच्याकडे पाठवलेली तांदळाची पिशवी त्यातलीच, ती परत करू नका.

त्या पानावर तुम्ही कोपऱ्यात खर्च लिहिला होतात: प्रवास, स्केट्स, शिबिर. त्यातले स्केट्सचे पैसे तुम्हीच भरलेत हे मला त्या दुकानदाराकडून कळलं. बाबांना मी सांगितलंय. ते स्वतः येणार आहेत, तेव्हा विषय बदलू नका.

आणि एक काम आहे. अनगोळमधल्या दोघी बहिणी, इनलाइन खेळतात, मोठी आठवीत आहे. त्यांच्या वडिलांच्या हातातही तसलंच एक माहितीपत्रक आलंय. मी त्यांना सांगून ठेवलंय की टिळकवाडीच्या काकांना भेटल्याशिवाय सही करू नका. रविवारी सकाळी दहाला घेऊन येते. चालत नसेल तर शनिवारपर्यंत कळवा. येताना नीळ आणते.

काकूंना नमस्कार.

तुमची,
वडगावची ताई