मेलेल्या माणसांच्या नावावरच्या बंदुका

प्रति,
माननीय मुख्यमंत्री व गृहमंत्री,
गोवा राज्य.

महोदय, सप्रेम नमस्कार.

मी सत्तरी तालुक्यातली. 23 वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले, आता सासऱ्यांनी लावलेले कुळागर, म्हणजे पोफळी-नारळाची बाग, सांभाळते. आमच्या भागात बंदुकीचा विषय दोनच वेळा निघतो: निवडणूक लागली की, आणि शिकारीत माणूस मेला की. सध्या दोन्हींपैकी काहीच नाही, म्हणून आताच लिहिते आहे.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. ऑक्टोबर होता, सरदीचे म्हणजे पावसाळी भात दाणा धरत होते. रात्री चौघे शेताच्या राखणीला म्हणून गेले आणि दुकराच्या, म्हणजे रानडुकराच्या, मागावर रानात शिरले. डोक्याला बॅटरी, हातात ठासणीची बंदूक. माझा चुलतभाऊ वाकून झुडपातून पुढे गेला होता. मागच्याला पाने हलताना दिसली आणि त्याने बार काढला. "दुकर म्हूण घातली रे, दुकर म्हूण," एवढेच तो पुढे कितीतरी वेळ म्हणत होता. दोघे बिगरीपासूनचे सोबती.

भाऊ लगेच गेला नाही. छर्रे मांडीत आणि ओटीपोटात शिरले होते. जवळजवळ दीड तास तो तिथेच पडून होता, कारण बंदूक कुठे लपवायची आणि पोलिसांना काय सांगायचे हे बाकीच्यांचे ठरत नव्हते. शिकारीचा गुन्हा लागेल ही भीती. शेवटी कोणाची तरी गाडी आणली. बांबोळीच्या सरकारी इस्पितळाच्या वाटेवर, उसगाव ओलांडल्यावर त्याचा श्वास थांबला. डॉक्टरांनी नंतर सांगितले, रक्त गेले. त्या दीड तासाबद्दल मी अजून कोणाला क्षमा करू शकलेले नाही.

त्या बंदुकीचा परवाना बार काढणाऱ्याच्या आजोबांच्या नावावर होता. आजोबांना वारून तेव्हा नऊ वर्षे झाली होती.

महोदय, माझे सगळे म्हणणे या एका गोष्टीभोवती आहे. 1959 च्या शस्त्र कायद्याने शेतकऱ्याला पीक राखण्यासाठी ठासणीची बंदूक मिळण्याची सोय ठेवली, ती योग्यच होती. पण परवाना त्या शेतकऱ्याला असतो, घराला नव्हे. परवानाधारक वारला की बंदूक विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा व्हायला हवी, असे त्याच कायद्याचे कलम 21 सांगते. वारसाला ती हवी असेल तर 2016 च्या नियमांत त्याच्या नावावर करून घेण्याची वाट आहे. वापरण्याचे आणि सांभाळण्याचे प्रशिक्षणही त्याच नियमांत आहे. कायदा अपुरा आहे असे मला म्हणायचेच नाही. आमच्या गावात मात्र बंदूक घरातल्या तांब्याच्या हंड्यासारखी बापाकडून मुलाकडे आणि मुलाकडून नातवाकडे जाते. मध्ये कोणी विचारत नाही.

विचारणे अवघड आहे का? माणूस वारला की पंचायतीत नोंद होते. परवान्यांची यादी जिल्हाधिकाऱ्यांकडे असते. या दोन वह्या महिन्यातून एकदा शेजारी ठेवल्या, तर कोणत्या घरात मेलेल्या माणसाची बंदूक आहे ते एका कारकुनाला अर्ध्या दिवसात कळेल. त्याला नवा कायदा नको, नवे खाते नको.

आणि लोक बंदूक आपणहून का देत नाहीत, तेही सांगते. भावाच्या बाराव्यानंतर मी माहेरी जाऊन वडिलांची बंदूक माळ्यावरून काढली. वडील जाऊन तेव्हा चार वर्षे झाली होती, म्हणजे आमचेही चुकलेच होते. ती जमा करायला मला सात फेऱ्या माराव्या लागल्या. एका कार्यालयात मृत्यूचा दाखला मागितला, दुसऱ्यात सगळ्या भावंडांची संमती, तिसऱ्यात तर "इतकी वर्षे का ठेवली" म्हणून गुन्हा दाखल करण्याची धमकी मिळाली. मी शिक्षिका, अर्ज लिहिणे माझ्या हातचे. जिला लिहिता येत नाही ती विधवा काय करील? ती बंदूक गोणत्यात गुंडाळून परत माळ्यावर टाकील, आणि एका रात्री तिचा मुलगा ती खाली काढील. म्हणून मागणी करते: एक ठरावीक मुदत द्या. त्या मुदतीत जो जुनी बंदूक आणून देईल त्याच्यावर उशिराचा गुन्हा नाही. तलाठ्यासमोर गावातच पंचनामा करा आणि हातात पावती द्या.

निवडणुकीच्या वेळी याच्या नेमके उलट होते. 2024 ची लोकसभेची आचारसंहिता 16 मार्चला लागली, आपल्याकडे मतदान 7 मे रोजी झाले, निकाल 4 जूनला. म्हणजे काजूचा सगळा हंगाम आणि वायंगणाची, म्हणजे उन्हाळी भाताची, कापणी बंदुकीविना. सरसकट सगळ्यांची शस्त्रे उचलू नका, प्रत्येक परवानाधारकाचा वेगळा विचार करा, असे मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलेले आहे. तरी नोटीस आली की साठीचा शेतकरी बंदूक खांद्याला लावून ठाण्याच्या रांगेत उभा असतो. जो जिवंत आहे, ज्याचे कागद चोख आहेत, त्याचीच बंदूक जमा होते. मेलेल्याच्या नावावरची माळ्यावरच राहते.

आता दुकराचे. त्याला वगळून बंदुकीवर बोलणे शेतकऱ्यावर अन्याय करण्यासारखे आहे. एका रात्रीत दुकरांचा कळप भाताचा अख्खा कुणगा उखळून टाकतो. दिवसा खेती, म्हणजे माकडे, केळीचे घड आणि शहाळी संपवतात. गवारेडा शिरला तर पोफळीची रोपेच जातात. सरकार पीक राखायला बंदूक देते, पण दुकर मारला तर 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा. मग बंदूक नुसता आवाज काढायला? शेतकरी चोरून मारतो. चोरून म्हणजे रात्री, घाईत, कोण कुठे उभा आहे हे एकमेकांना न सांगता. भावाला छर्रे लागले ते यामुळे, आणि दीड तास कोणी हलले नाही तेही यामुळेच.

केरळने 2022 मध्ये पिके नासवणाऱ्या रानदुकरांबाबत आदेश देण्याचा अधिकार स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रमुखांना दिला. मारायचे ते परवानाधारकाने, उघडपणे, नोंद करून. हे गोव्याला जसेच्या तसे लागू पडेल असे मी म्हणत नाही. म्हादई आणि नेत्रावळीची अभयारण्ये आपल्या शेतांना खेटून आहेत, आणि 2020 च्या जानेवारीत सत्तरीतल्याच गोळावली गावात चार वाघ विषाने मेले ते आम्ही विसरलेलो नाही. पण त्या घटनेने हेही दाखवले की एकटा पडलेला माणूस बंदूक नसली तरी विष घालतो, फास लावतो. मुख्य वन्यजीव रक्षकांना पिके नासवणाऱ्या जनावराबाबत परवानगी देण्याचा अधिकार कायद्यातच आहे. तो अर्ज कोणाकडे द्यायचा आणि किती दिवसांत उत्तर मिळेल, एवढे तरी प्रत्येक पंचायतीच्या फलकावर लागू दे. कुंपणाचे अनुदान एकेकट्या शेतकऱ्याला न देता सबंध शेतवाडीला द्या. एकाने कुंपण घातले की दुकर शेजाऱ्याकडे जातो.

शाळेतली माझीच मुले आता मोठी झाली आहेत. मोबाईलवर अमेरिकेतले वाद पाहून बंदूक हा आपला हक्क आहे असे ती मला सांगतात. मी त्यांना ऑस्ट्रेलियाचे सांगते. 1996 मध्ये पोर्ट आर्थरला 35 माणसे मारली गेली, त्यानंतर तिथल्या सरकारने साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका विकत घेऊन नष्ट केल्या. शेतकऱ्यांच्या बंदुका मात्र राहिल्या: कारण दाखवून, नोंद करून, कुलपात ठेवून.

ज्याच्या हातून भाऊ गेला तो आज गावातच आहे. खटला चालू आहे. तो कोणाशी बोलत नाही, चतुर्थीला गणपतीवर फळा-पानांची माटोळी बांधायलाही घराबाहेर पडला नाही. माझी वहिनी त्याच्या दारावरूनच रोज पाण्याला जाते.

पुढच्या सरदीचे भात दाणा धरण्याआधी त्या दोन वह्या एकदा शेजारी ठेवायला सांगा. सुरुवात आमच्या पंचायतीपासून करा. कोणाकोणाच्या माळ्यावर काय आहे ते सांगायला मी स्वतः बरोबर येईन.

आपली,
सत्तरीतली एक निवृत्त शिक्षिका